मधमाशीला वाट कोण दाखवितो? : मधसंकलनाच्या सोप्या खेळाच्या रचनेची चिकित्सा
(चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशाच्या विशेष संदर्भात)

बीजशब्द : खेळरचना, मधमाशी, आग्या मोहोळ, मधसंकलन, ग्रामसभा, मोक्षपट, माधुकरी

प्रस्तावना :

खेळ हा केवळ करमणुकीचा विषय आहे, ही समजूत अभ्यासकांनी फार पूर्वीच बाजूला सारली आहे. योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात संस्कृतीचा उगमच खेळात शोधला. रॉजर काइवा यांनी १९५८ मध्ये स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ या चार तत्त्वांवर खेळांची वर्गवारी केली. इयान बोगोस्ट यांनी २००७ साली असे प्रतिपादन केले की, खेळ आपले म्हणणे शब्दांतून नव्हे, तर नियमांतून पटवितो. खेळाडू नियम पाळतो आणि पाळता पाळता त्या नियमामागील जगाविषयीचे मतही नकळत स्वीकारतो. हे खरे मानल्यास खेळाचीही साहित्यकृतीप्रमाणे चिकित्सा होऊ शकते, नव्हे, ती व्हावयास हवी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने माध्यमिकपूर्व टप्प्यावर संगणकीय आज्ञालेखनाच्या कृती सुचविल्या असून खेळणी व खेळ यांच्या आधारे शिकविण्यावरही भर दिला आहे. त्यामुळे शाळेत कोणते खेळ येतात आणि ते जगाचे कोणते चित्र घेऊन येतात, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांनाही टाळता येणार नाही. प्रस्तुत लेखात मधमाशीला वाट दाखवून मध गोळा करावयाच्या सोप्या खेळाचा विचार केला आहे. ज्या प्रदेशात आग्या मोहोळाचा मध हे आजही वनोपज आहे, त्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात हा खेळ कसा दिसतो आणि त्याची वेगळी रचना संभवते काय, हे तपासणे हा लेखाचा हेतू आहे.

खेळाचे प्रचलित रूप :

या प्रकारातील सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे २०१३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या कोड डॉट ओआरजी या संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमांतील मधमाशीची कोडी. पडद्यावर चौकटींची जाळी असते. तीत एक मधमाशी, काही फुले आणि काही मधपोळ्याची घरे असतात. फुलाजवळचा आकडा त्यात किती वेळा मकरंद मिळेल हे सांगतो. 'पुढे जा', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ', 'मकरंद घे', 'मध कर' अशा आज्ञांचे ठोकळे एकाखाली एक जोडून मुलाने माशीला नेमक्या मार्गाने न्यावयाचे असते. पुढील कोड्यांत पुनरावृत्तीचे आणि अटींचे ठोकळे येतात. काही घरांवर ढग असतो व त्याखाली फूल आहे की पोळे, हे माशी तेथे पोहोचल्याखेरीज कळत नाही. म्हणून 'फूल असेल तर मकरंद घे' अशी अट लिहावी लागते. कोडे सुटले, तरी कमी ठोकळ्यांत सुटू शकले असते, तर तसे मुलाला सांगितले जाते.

अध्यापनाच्या दृष्टीने ही रचना कुशल आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पुनरावृत्ती आणि अट या अमूर्त कल्पना लहान मुलाला हाताने हलविता येतील अशा झाल्या आहेत. ढगाची युक्ती तर विशेष दाद देण्यासारखी आहे, कारण अनिश्चिततेचा सामना नियमाने कसा करावा, हे ती एका चित्रात शिकविते. या रचनेमागे एक परंपराही आहे. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात लोगो भाषेतील कासवाचे तत्त्व मांडले होते. मूल स्वतःच्या शरीराने वळून पाहते आणि मग कासवाला वळविते, म्हणजेच स्वतःला कासवाच्या जागी ठेवून भूमिती शिकते. मधमाशी ही या कासवाचीच वारसदार होय.

परंतु कासव आणि मधमाशी यांच्यात एक भेद आहे. लोगोचे कासव हे रेघ ओढणारे यंत्र होते. खऱ्या कासवाविषयी काही सांगण्याचा त्याचा दावा नव्हता. मधमाशीच्या कोड्यात मात्र फूल आहे, मकरंद आहे, पोळे आहे आणि मध आहे, म्हणजे एका खऱ्या जीवनव्यवहाराचा सांगाडा आहे. सांगाडा उभा केला की तो बरोबर जुळला आहे की नाही, हा प्रश्न उपस्थित होतोच. 'हा खेळ आज्ञालेखन शिकविण्यासाठी आहे, मधमाशी शिकविण्यासाठी नव्हे', असा बचाव करता येईल आणि तो अंशतः ग्राह्यही आहे. तथापि, शहरातील असो वा ताडोब्याच्या कडेच्या गावातील असो, ज्या मुलाच्या हाती हा खेळ येतो, त्याला हेतूंची अशी विभागणी करून दाखविली जात नाही. मुलाच्या मनात उरते ते चित्र : एक माशी, एक मालक आणि मोजून ठेवलेली फुले.

तीन गृहीतके आणि त्यांची तपासणी :

प्रचलित रचनेत तीन गृहीतके दडलेली दिसतात. पहिले, माशी एकटी आहे. दुसरे, माशीला वाट ठाऊक नाही आणि ती खेळाडूने दाखवावयाची आहे. तिसरे, मध तयार झाला की व्यवहार संपतो. या तिन्हींचा क्रमाने विचार करणे इष्ट ठरेल.

पहिले गृहीतक भाषेच्याच पातळीवर तपासता येते. 'मधमाशी मध गोळा करते' असे आपण सहज म्हणतो, पण ते अचूक नाही. माशी गोळा करते तो मकरंद. तो एका माशीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातो, त्यावर पाचकरसांची क्रिया होते, पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी उडविले जाते आणि पाण्याचे प्रमाण साधारणतः पाचव्या हिश्श्यावर आल्यावर तो टिकाऊ मध होतो. म्हणजे मध हे एका माशीचे उत्पादन नव्हेच. तो समूहाच्या श्रमाचा परिणाम आहे. एक कामकरी माशी आपल्या उभ्या आयुष्यात चहाच्या चमच्याच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतकाच मध निर्माण करते, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. एकटी माशी फुलावरून पोळ्यावर जाते आणि तेथे आज्ञा मिळताच मध करते, हे चित्र म्हणूनच केवळ सोपे केलेले नाही, तर उलटे केलेले आहे. सोपे करणे म्हणजे तपशील गाळणे होय. समूहाचे काम एकाच्या नावावर मांडणे हे गाळणे नसून बदलणे आहे.

दुसरे गृहीतक अधिक गंभीर आहे. माशीला वाट दाखविणारा माणूस निसर्गात कोठेही नाही. वाट माशीच दाखविते आणि तीही दुसऱ्या माशीला. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी मिळाले, त्यात मधमाशीच्या नृत्यभाषेचा उलगडा प्रमुख होता. अन्न शोधून आलेली माशी पोळ्यावर सरळ रेषेत थरथरत चालते, वळून परत येते आणि पुन्हा चालते. उभ्या रेषेशी या चालीचा जो कोन होतो, तोच सूर्याच्या दिशेशी फुलोऱ्याचा कोन असतो. थरथरीचा काळ जितका अधिक, तितके अंतर अधिक. मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत केलेल्या निरीक्षणांतून आशियाई मधमाश्यांच्या नृत्यातील भेद पुढे आले. फुलोरी माशी आपल्या लहान पोळ्याच्या आडव्या माथ्यावर नाचते, तर आग्या माशी उघड्यावरील पोळ्याच्या उभ्या पृष्ठावर. आग्या माशी चांदण्या रात्रीही मकरंदासाठी बाहेर पडते, हेही नोंदविले गेले आहे.

वाट दाखविण्याचा हा क्रम माणसापर्यंत येतो, तोही उलट दिशेने. पाणवठ्यावर उतरणाऱ्या माश्या कोणत्या दिशेने उडून जातात, हे पाहून पोळ्याचा माग काढणे ही जगभरच्या मध काढणाऱ्यांची रीत आहे. आफ्रिकेत तर मधदर्शक पक्षी माणसाला पोळ्यापर्यंत नेतो. मोझांबिकमधील याओ लोकांच्या विशिष्ट हाकेला हा पक्षी अधिक प्रतिसाद देतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. सारांश, माशी माणसाला नेते, पक्षी माणसाला नेतो, माशी माशीला नेते. माणूस माशीला नेतो, असे फक्त पडद्यावर घडते.

येथे एक विसंगतीही लक्षात येते. संगणकशास्त्राने स्वतः मधमाशीकडून जे घेतले, ते आज्ञापालन नव्हेच. देर्विश काराबोगा यांनी २००५ साली मांडलेली कृत्रिम मधमाशी-वसाहतीची गणनपद्धती मध्यवर्ती हुकुमावाचून चालते. काही माश्या माहीत असलेल्या ठिकाणी काम करतात, काही पाहून निवड करतात, काही नव्याच्या शोधात निघतात आणि या तिघींच्या देवाणघेवाणीतून चांगले उत्तर हाती लागते. ज्या शास्त्राने माशीला आपला गुरू केले, त्याच शास्त्राच्या पहिलीच्या पुस्तकात माशी हुकुमाची ताबेदार व्हावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तिसरे गृहीतक म्हणजे मधाशी व्यवहार संपतो हे. चंद्रपूर–गडचिरोलीच्या दृष्टीने हेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण येथे खरा व्यवहार मधापासून सुरू होतो.

वनप्रदेशातील मध : माशी, झाड आणि माणूस

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासनाने सीमा आखली, तरी जंगल एकच राहिले. साग, ऐन, मोह, तेंदू, पळस, सावर, जांभूळ, अर्जुन, बांबू यांच्या या वनात मधमाश्यांचे अनेक प्रकार आढळतात. उंच झाडांच्या फांद्यांना अथवा कड्यांना एकच मोठे उघडे पोळे लटकविणारी आग्या, झाडाच्या ढोलीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, झुडपात लहानसे पोळे करणारी फुलोरी आणि डंख नसलेली चिमुकली माशी. यांपैकी सातेरी पेटीत राहते. आग्या माशीला उघडीप लागते, म्हणून ती पेटीत नांदत नाही. शिवाय ती स्थलांतर करणारी आहे. फुलोरा संपला की वसाहत पोळे सोडून जाते आणि पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच परिसरात, त्याच झाडावर परतते. म्हणून वनातील मधाचा प्रश्न हा पाळीव जनावराच्या उत्पन्नाचा प्रश्न नाही. येणारा पाहुणा पुन्हा येईल की नाही, याचा तो प्रश्न आहे.

मराठीने या व्यवहारांना दिलेली क्रियापदे लक्षणीय आहेत. मोहफुले वेचतात, तेंदूपाने तोडतात, मध मात्र काढतात. वेचण्यात झाडाने टाकलेले उचलणे आहे. काढण्यात दुसऱ्याने साठविलेले घेणे आहे. 'गोळा करणे' या सपाट क्रियापदाखाली हा भेद पुसला जातो. प्रचलित खेळाचे सारे व्याकरण याच सपाट क्रियापदावर उभे आहे.

आग्या मोहोळाचा मध काढण्याची जुनी रीत म्हणजे पेटत्या मशालीने वा दाट धुराने माश्या हटवून पूर्ण पोळे उतरविणे. तीत असंख्य माश्या होरपळतात, अळ्या-कोषांसह पोळे नष्ट होते, मध पिळताना अळ्यांचा रस मिसळून तो लवकर बिघडतो आणि काढणाराही जिवावर उदार होऊन झाडावर चढलेला असतो. वास्तविक आग्या माशीच्या पोळ्याची रचना अशी असते की, मध हा फांदीलगतच्या वरच्या जाड भागात असतो, तर अंडी, अळ्या व कोष यांचा भाग त्याखाली पसरलेला असतो. संरक्षक पोशाख घालून, माश्या हलकेच बाजूला सारून, फक्त मधाचा भाग कापून घेतला तर वसाहत टिकते आणि फुलोरा असेल तोवर तो भाग पुन्हा भरून काढू शकते. वर्धा येथील मधमाशी-अभ्यासक डॉ. गोपाल पालीवाल यांनी या अहिंसक मधसंकलनाचा विदर्भात प्रसार केला.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा या संदर्भात उल्लेख अपरिहार्य आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी निगडित असलेल्या या गावात ग्रामसभेबरोबरच अभ्यासगटाची पद्धत रुजली. निर्णय घेण्याचे ठिकाण ग्रामसभा आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्याचे ठिकाण अभ्यासगट, अशी ही रचना होती. मधमाशी आणि मध काढण्याची पद्धत हा अशा अभ्यासाचा एक विषय झाला आणि मोहोळ न जाळता मध काढण्याकडे गाव वळले. याच गावाला वनहक्क कायदा २००६ अन्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याच्या पाचगावलाही २०१२ मध्ये असा हक्क प्राप्त झाला. या कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, तेंदूपाने, लाख यांच्याबरोबर मध आणि मेण यांचा नामोल्लेख केला असून त्यावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे.

या इतिहासाचा खेळाच्या रचनेशी काय संबंध, असे विचारता येईल. संबंध असा की, येथे मधाचा प्रश्न 'किती' हा नसून 'कसा' आणि 'कोणाच्या संमतीने' हा आहे. एकाने मोहोळ सोडले आणि दुसऱ्याने त्याच रात्री ते जाळले, तर सोडणारा मूर्ख ठरतो. माशीविषयीची दया एकट्याने पाळता येत नाही, तिला गावाचा नियम लागतो. ही गोष्ट व्याख्यानाने पटविणे कठीण, पण खेळाने दाखविणे सोपे आहे. प्रचलित खेळाने नेमकी हीच संधी दवडली आहे.

मराठी परंपरेतील दोन आधार :

पर्यायी रचनेचा विचार करताना मराठी परंपरेतील दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली मोक्षपट. सापशिडीचा पूर्वज असलेला हा पट महाराष्ट्रात लोकपरंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला आहे. त्या श्रेयाला भक्कम ऐतिहासिक पुरावा नसला, तरी पटाचे स्वरूप स्पष्ट आहे. शिडी हा सद्गुण, साप हा दुर्गुण आणि शेवटचे घर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि पुढे त्यातील नीतीची नावे गळून पडून केवळ साप व शिड्या उरल्या. खेळाचा सांगाडा कायम ठेवूनही त्यातील अर्थ कसा काढून घेता येतो, याचे हे ठळक उदाहरण होय. उलटपक्षी, रिकाम्या सांगाड्यात अर्थ पुन्हा भरता येतो, हेही त्यातून सूचित होते.

दुसरी गोष्ट माधुकरी. 'मधुकर' म्हणजे भुंगा वा मधमाशी, यावरून आलेल्या या शब्दात एक संपूर्ण आचारधर्म सामावला आहे. पाच घरी जावे, प्रत्येक घरून थोडे घ्यावे आणि कोणाच्याही चुलीवर भार पडू देऊ नये. गरीब विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या रीतीने शिकल्या. माधुकरी ही भीक नव्हे, तशीच ती लूटही नव्हे. ती मर्यादेची कला आहे. फुलातील आकडा शून्य होईपर्यंत 'मकरंद घे' म्हणणाऱ्या खेळाला मराठी भाषेनेच दिलेले हे उत्तर आहे.

पर्यायी रचनेची रूपरेषा :

या विवेचनाच्या आधारे एका साध्या खेळाची रूपरेषा मांडता येते. ती अंतिम नाही. वरील टीका केवळ दोषदर्शन न राहता कृतीत कशी उतरेल, हे दाखविण्यापुरतीच ती आहे. या खेळाला वीज वा पडदा लागत नाही. अंगणात खडूने वा कोळशाने आखलेली षट्कोनी घरे आणि चिंचोके एवढे साहित्य पुरेसे आहे. दुर्गम शाळेतही तो खेळता यावा, हा त्यामागील हेतू.

खेळाचे तीन टप्पे असावेत. पहिला टप्पा माशीचा. एक खेळाडू शोधी माशी होतो. त्यालाच फुलोऱ्याचे घर दाखविले जाते. त्याने एक शब्दही न उच्चारता, केवळ चालण्याची दिशा आणि पावलांची संख्या यांवरून इतरांना ते घर कळवावयाचे. इतरांनी ओळखले तर सर्वांना मकरंद, नाही तर कोणालाच नाही. कोन, दिशा, अंतर आणि प्रमाण ही भूमिती पॅपर्ट यांच्या कासवाइतकीच येथे शरीराने शिकली जाते. फरक एवढाच की, आज्ञेची जागा संवादाने घेतलेली असते. प्रत्येक फुलातून एका फेरीत एकच चिंचोका घ्यावयाचा, हा माधुकरीचा नियम. ज्या फुलात निदान एक चिंचोका शिल्लक असेल, तेच पुढील फेरीत भरते.

दुसरा टप्पा ऋतूचा. पळस व सावर, त्यामागून करंज व जांभूळ, पावसाच्या तोंडावर ऐन, असा फुलोरा सरकत जातो. दोन फुलोऱ्यांमधील रिकाम्या काळात पोळ्यातील अर्धे चिंचोके माश्यांच्या पोषणासाठी बाजूला काढावे लागतात. मध हा माशीचा नफा नसून दुष्काळासाठी राखलेली शिदोरी आहे, हे येथे नियमानेच सांगितले जाते.

तिसरा टप्पा माणसाचा. समजा, एका झाडावर सहा मोहोळे आहेत. मोहोळ जाळले तर सहा चिंचोके मिळतात, पण ते मोहोळ पटावरून कायमचे जाते. मधाचा भागच कापला तर चार मिळतात आणि मोहोळ राहते. पहिल्या वर्षी जाळणाऱ्या गावाला छत्तीस आणि कापणाऱ्या गावाला चोवीस. दुसऱ्या वर्षाअखेर छत्तीस आणि अठ्ठेचाळीस. तिसऱ्या वर्षाअखेर छत्तीस आणि बहात्तर. पहिल्या वर्षी शहाणा दिसणारा तिसऱ्या वर्षी निम्म्यावर येतो. हे आकडे पटापुरते आहेत, जंगलाचा हिशेब इतका सरळ नसतो. म्हणून एखादे वर्ष फुलोराविरहित यावे आणि त्या वर्षी कापणाऱ्याला शून्य मिळावे. संयमाचे फळ नेहमीच वेळेवर मिळते, असे मुलांना सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

झाड सर्वांचे असल्याने एकाने जाळले तरी नुकसान सर्वांचे होते. म्हणून प्रत्येक वर्षाअखेर खेळ थांबतो आणि खेळाडूंची सभा भरते. पुढील वर्षाचा नियम सभेने ठरवावयाचा आणि तो सर्वसहमतीनेच. एकाचाही विरोध असेल तर चर्चा चालू राहते. मेंढ्याच्या ग्रामसभेची रीत हीच आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. थॉमस सीली यांनी २०१० च्या 'हनीबी डेमोक्रसी' या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, नवे घर निवडणाऱ्या माश्या सर्वांची संमती होईपर्यंत थांबत नाहीत. एका ठिकाणी पुरेशा शोधी माश्या जमल्या की थवा उडण्याची तयारी सुरू होते. म्हणजे माश्यांची रीत गणसंख्येची आहे, मेंढ्याची सर्वसहमतीची. 'आदिवासी मधमाश्यांसारखे राहतात' असे सुभाषित येथून काढणे हे दोघांवरही अन्याय करणारे होईल. माशी उपजत प्रेरणेने वागते. गावाने मात्र विचारपूर्वक, चर्चेचे श्रम घेऊन नियम केला आहे. त्या श्रमांचे श्रेय निसर्गाच्या खाती जमा करता कामा नये.

संभाव्य आक्षेप :

या रचनेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला, खेळ सोपा राहिला नाही. याचे उत्तर असे की, सोपेपणा नियमांच्या संख्येत नसून नियमांच्या ओळखीत असतो. वाघ-बकरीचा खेळ खेळणाऱ्या खेड्यातील मुलांना यापेक्षा गुंतागुंतीचे डावपेच सहज साधतात. दुसरा, यातून आज्ञालेखन शिकविले जात नाही. हा आक्षेप रास्त आहे. मधमाशीची कोडी जे शिकवितात, ते हा पट शिकवीत नाही. त्यामुळे एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असा येथे आग्रह नाही. पुनरावृत्ती आणि अट शिकविण्यासाठी यंत्रमानव वा बैलगाडीही चालेल. मधमाशीच हवी असेल, तर मधमाशीशी प्रामाणिक राहावे, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वनवासी समाजाचे ज्ञान असे पटावर आणणे म्हणजे त्याची शोभेची वस्तू करणे नव्हे काय? गोंड-माडिया मुलाला त्याच्याच आजोबांचे कौशल्य परक्या भाषेतील खेळ म्हणून परत देणे, हीही एक प्रकारची मशालच ठरू शकते. जैवविविधता कायदा २००२ ने लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद करताना पारंपरिक ज्ञानावरील समाजाचा अधिकार मान्य केला आहे. त्याच न्यायाने अशा खेळाची झाडे, ऋतू, माश्यांची नावे व नियम गावानेच ठरविणे, ती गोंडी वा माडियात असणे आणि खेळ बाहेर न्यावयाचा तर ग्रामसभेची संमती घेणे, या बाबी सौजन्याच्या नव्हेत, तर रचनेच्याच अंगभूत अटी मानल्या पाहिजेत. या अटी पाळल्या जात नसतील, तर खेळ न केलेलाच बरा.

समारोप :

मधमाशीला वाट दाखविण्याचा प्रचलित खेळ हा अध्यापनाचे साधन म्हणून यशस्वी आहे. परंतु जगाचे चित्र म्हणून तो तीन ठिकाणी फसतो. तो समूहाला एकटे करतो, जाणत्याला अजाण ठरवितो आणि घेतल्यानंतरच्या जबाबदारीपाशी येण्याआधीच थांबतो. या तिन्ही उणिवा तंत्राच्या नसून क्रियापदांच्या आहेत. 'वाट दाखविणे' ऐवजी 'वाट समजून घेणे', 'गोळा करणे' ऐवजी 'काढणे आणि राखणे' अशी क्रियापदे योजली की, नियमही आपोआप बदलू लागतात.

मुलांना खेळाकडे वळविण्यासाठी गुणांचे आणि चांदण्यांचे मधाचे बोट लावले जाते. त्यात गैर काही नाही. परंतु चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनात मधाचे बोट कोठून येते, त्यासाठी झाडावर कोण चढते, माशी परत येते की नाही आणि हे कोण ठरविते, याचे उत्तर ज्या खेळाला देता येते, तोच येथील अंगणात टिकेल. आग्या मोहोळाला हात घालणे, या वाक्प्रचारात मराठी माणसाने धोकाच पाहिला. हात कसा घालावा म्हणजे मोहोळही राहील आणि मधही मिळेल, हे धानोरा तालुक्यातील एका लहान गावाने अभ्यासून ठरविले. खेळाच्या रचनाकाराने वाट विचारावयाची असेल, तर ती तेथे विचारावी.